सदस्या म्हणाल्या की

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता पालिकेची सभा भरायची, आणि अकराला पाच कमी असताना सिस्टर चहाचा कप घेऊन नवऱ्याच्या खोलीबाहेर उभ्या राहायच्या. दार आतून बंद. टकटक करायची, कप खाली ठेवायचा आणि तीन पावलं मागं सरायचं. साथ होती ना! नवऱ्याचं म्हणणं असं, की मी दुकानात दहा माणसांना भेटतो, तू आपली लांबच राहा. ऐकायला किती मायेचं. कडी निघायची, एक हात बाहेर यायचा, कप आत जायचा, आणि पाच मिनिटांनी दारापलीकडून खणखणीत आवाज यायचा, "हजर."

हजर कोण? तर प्रभाग चारच्या सन्माननीय सदस्या, म्हणजे सिस्टर. हजेरी लागत असताना सन्माननीय सदस्या ओट्यापाशी भांडी विसळत असायच्या.

यात चोरूनलपून काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकू. सगळ्या गावाला ठाऊक होतं. सिस्टरनी गावच्या प्रसूतिगृहात बावीस वर्षं नोकरी केली होती. आठ खाटांची बैठी इमारत, पण निम्मं गाव तिथं त्यांच्या हातावर जन्मलं. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी प्रभाग चारची जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि नवऱ्याच्या अंगात वारं शिरलं. त्याचं पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान. पालिकेत जायची हौस जुनी; दोनदा उभा राहून दोनदा आपटला होता. या खेपेला त्यानं बायकोला उभं केलं. सिस्टर निवडून आल्या त्या कुणाच्या भाषणानं नव्हे, स्वतःच्या हातगुणानं. निकालाच्या दिवशी लोकांनी खांद्यावर घेतलं ते मात्र नवऱ्याला, आणि त्या दिवसापासून गाव त्याला 'मेंबर' म्हणायला लागलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! आपण मात्र त्याला अरेतुरेच करू. अहोजाहो करणारे गावात पुष्कळ आहेत.

साथीच्या आधी निदान सिस्टरना सभागृहात जावं तरी लागायचं. खुर्चीवर त्या बसायच्या, शेजारी स्टूल टाकून मेंबर बसायचा, आणि बोलायचं ते तो बोलायचा. सही करायची वेळ आली की तो बोट ठेवायचा, त्या सही करायच्या. पण सभा संपली की जिन्यावर बायका त्यांना गाठायच्या. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या गल्लीत दिवा नाही. सिस्टर ते ऐकून घ्यायच्या आणि रात्री जेवताना मेंबरच्या डोक्याशी भुणभुण करायच्या. चार कामांतलं एखादं व्हायचं. एवढ्यावर त्या समाधान मानत. भांडण कशाला वाढवायचं, घरचंच तर आहे, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या.

मग साथ आली, सभागृहाला कुलूप लागलं आणि सभा फोनवर भरायला लागली. पडद्यावर अकरा चौकटी. पाच बायकांच्या नावाच्या, सहा पुरुषांच्या. पुरुषांच्या चौकटीत चेहरे दिसत. बायकांच्या चौकटी काळ्याकुट्ट, खाली नुसतं नाव. विचारलंच कुणी तर उत्तर तयार असायचं, नेटवर्क नाही. गंमत बघा, नेटवर्क नेमकं पाच बायकांच्याच घरी नव्हतं, आणि पाचही काळ्या चौकटींतून आवाज पुरुषांचे यायचे. जिन्यावर सिस्टरना गाठणाऱ्या बायकाही आता राहिल्या नाहीत, कारण जिनाच राहिला नाही.

अशाच एका सभेनंतरच्या मंगळवारी पालिकेचे हेडक्लार्क सिस्टरच्या फाटकापाशी आले. तोंडाला मास्क, काखेत जाडजूड रजिस्टर. सभा फोनवर झाली तरी तिच्या इतिवृत्तावर सह्या घ्यायला हेडक्लार्क घरोघर फिरत. एरवी ते दुकानात जात आणि मेंबर रजिस्टर घरी आणून बोट ठेवत असे. त्या दिवशी दुकान बंद होतं आणि मेंबर बाहेर गेला होता. हेडक्लार्कनी रजिस्टर फाटकावरून आत दिलं. सिस्टर चष्मा लावून तांदूळ निवडत बसल्या होत्या. बोट ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून सही कुठं करायची ते शोधता शोधता त्यांनी वाचलं.

विषय क्रमांक सात. प्रसूतिगृहाची इमारत साथीच्या रुग्णांच्या विलगीकरणासाठी घेणे व तेथील बाळंतपणे बंद करणे. खाली लिहिलं होतं: "प्रभाग चारच्या सदस्या म्हणाल्या की, मी स्वतः या प्रसूतिगृहात बावीस वर्षे परिचारिका होते. तेथे आता पुरेशा सोयी नाहीत. गरोदर स्त्रियांनी शहराच्या मोठ्या रुग्णालयात जाणेच त्यांच्या हिताचे आहे, हे मी अनुभवाने सांगते. सूचक, प्रभाग चार. ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर."

सिस्टरनी ते दोनदा वाचलं. मोठं रुग्णालय गावापासून दीड तासावर होतं.

"भाऊ, हे कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

हेडक्लार्क आपल्या चपलांकडे बघत राहिले. त्यांच्या दोन्ही मुली याच बाईच्या हातावर जन्मल्या होत्या. "चौकटीवर तुमचं नाव होतं, सिस्टर."

"आणि आवाज?"

"आवाजाचा रकाना नसतो इतिवृत्तात."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बावीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या किंकाळ्या ऐकत हात स्थिर ठेवला, त्यांचा आवाज सहसा चढत नाही. आता काय करता येईल, एवढंच त्यांनी विचारलं. हेडक्लार्कनी मान खाली घालूनच सांगितलं, की पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. त्या वेळी कुणीही सदस्य उठून म्हणू शकतो की यात चुकीचं लिहिलंय, आणि मग ते दुरुस्त होईपर्यंत पुढं सरकता येत नाही. आपल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी म्हटलेलं नाही, तो विषय अर्ध्या मिनिटात उरकतो, हेही त्यांनी जोडलं. सिस्टरनी सही केली नाही. रजिस्टर सकाळी घेऊन जा म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांपुढं होती बेकरीवाल्याची बायको. मागच्याच गल्लीत राहायची, आठवा महिना चालू होता. तिच्या पहिल्या बाळंतपणाला सिस्टर होत्या. बाळ अडलं होतं, निळं पडून बाहेर आलं होतं, नळीनं घशातली घाण ओढून काढली आणि रबरी पिशवीनं श्वास दिला तेव्हा कुठं ते रडलं. मागून हिचाच रक्तस्राव थांबेना. दहा मिनिटांच्या अंतरावर प्रसूतिगृह होतं म्हणून दोघं वाचली. या खेपेलाही पोट तसंच मोठं होतं. रोज संध्याकाळी ती सिस्टरच्या फाटकाशी येऊन लांबूनच विचारायची, "सिस्टर, माझ्या वेळेला तुम्ही याल ना?" आणि सिस्टर म्हणायच्या, येईन की, जाते कुठं. दीड तासाच्या रस्त्यावर या बाईचं काय होईल हे सांगायला कुण्या डॉक्टरची गरज नव्हती.

मेंबर आला तो खुशीत होता. सिस्टरनी रजिस्टर त्याच्यापुढं धरलं. तो आधी हसला, मग चिडला, मग समजावणीवर आला. ह्याच क्रमानं तो नेहमी येत असे. त्यानं जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच, की गावातली मोठी शाळा वर्षभर रिकामी पडली आहे, रोगी तिथं सहज ठेवता आले असते, पण शाळा पालिकेच्या अध्यक्षांच्या भावाची. तिथं साथीचे रोगी आले की पुढं पालक पोरं घालणार नाहीत. म्हणून प्रसूतिगृह. आणि ठराव सिस्टरच्या नावानं मांडला की गाव तोंड उघडणार नाही, ही अक्कल अध्यक्षांची. त्या बदल्यात पुढच्या निवडणुकीत, जेव्हा प्रभाग चारची जागा सर्वांना खुली होईल, तेव्हा मेंबरला तिकीट. या खेपेला खरंखुरं.

"बेकरीवाल्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत," सिस्टर म्हणाल्या. "तिला काही झालं तर?"

"होतंय कशाला? गाडी करून देऊ. आणि हे बघ, शुक्रवारी मी स्वतः विषय काढतो, एक खोली बाळंतपणाला मोकळी ठेवा म्हणतो. तुझ्या नावानंच मांडतो. पण आत्ता तू सही अडवलीस तर माझं नाक कापलं जाईल. इतकी वर्षं संसार केलास, एवढं ऐकणार नाहीस?"

आणि सिस्टरनी ऐकलं. हे सांगताना हात जड होतो, पण झालं ते झालं म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही. शुक्रवार तीन दिवसांवर होता, बेकरीवाल्याच्या बायकोला अजून चार आठवडे होते, मध्ये पुष्कळ वेळ आहे असा हिशोब त्यांनी मनाशी केला. आयुष्यभर दुसऱ्यांना कळा मोजायला शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याच्या शब्दाला मात्र मुदत घातली नाही. सकाळी त्यांनी सही केली. वाचून, समजून, जाणूनबुजून केली.

शुक्रवारची सभा झालीच नाही. अध्यक्षांना थोडा ताप होता, सभा आठवडाभर पुढं गेली. मेंबर म्हणाला, आता माझ्या हातात आहे का हे?

त्या आठवड्यात सिस्टरनी काय नाही केलं! अध्यक्षांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोनं सांगितलं, साहेब झोपलेत, मेंबरना बोलू द्या. पालिकेच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "ठराव तुमचाच आहे ना, सिस्टर?" यावर काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बेकरीवाल्याची बायको संध्याकाळी फाटकाशी आली. तिला काहीबाही ऐकू आलं होतं. "तुम्हीच बंद करायला सांगितलंत म्हणतात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला नुसतं कळत नव्हतं. सिस्टरनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत थांब पोरी, सगळं सरळ होईल.

पोटातलं लेकरू शुक्रवारपर्यंत थांबलं नाही.

बुधवारी भर दुपारी बेकरीवाला धावत आला. हाताला पीठ तसंच. वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या, पाणी गेलं होतं. सिस्टरनी त्याला सांगितलं, गाडीत घालून सरळ प्रसूतिगृहाच्या फाटकाशी आण, कुलूप मी काढायला लावते. अजून तिथं एकही रोगी आला नव्हता, खाटा तशाच पडून होत्या. त्या वळल्या आणि नवऱ्याच्या खोलीच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागल्या. आत बैठक चालू होती. सभागृहाची नव्हे, समितीची. महिला व बालकल्याण समितीची. सिस्टर तिच्या सभापती होत्या.

"अहो, अध्यक्ष बैठकीत आहेत ना? त्यांना सांगा, प्रसूतिगृहाचं कुलूप काढा. बेकरीवाल्याची बायको अडलीय."

आतून आवाज आला, "थांब जरा. विषयपत्रिकेवर नाही ते."

"अहो, दार उघडा."

"माझी बोलायची पाळी आली आहे. दहा मिनिटं थांब."

दहा मिनिटं! सिस्टर चप्पलही न घालता धावल्या. फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा, लाजून लाल झाला, पण किल्ली पालिकेत होती आणि लेखी पत्राशिवाय फाटक उघडायचं नाही असा हुकूम होता. तो तरी काय करणार, नोकरीचा माणूस. त्यानं पालिकेत फोन लावला; तिकडून उत्तर आलं, साहेब बैठकीत आहेत. रुग्णवाहिका दोन, दोन्ही साथीच्या रोग्यांना घेऊन गेलेल्या. पंधरा मिनिटं फाटकाबाहेर गेली. शेवटी पावांचे ट्रे रस्त्यावर उतरवून त्या पावाच्याच गाडीत सिस्टर मागं बसल्या आणि गाडी शहराकडे निघाली.

निम्म्या वाटेवर बाळ झालं. मुलगा. पहिल्यासारखाच निळा. सिस्टरनी बोटानं त्याचं तोंड साफ केलं, पालथा धरून पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून श्वास दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. घशातली घाण ओढायची नळी कुठं आहे हे त्यांना माहीत होतं. प्रसूतिगृहातल्या कोपऱ्यातल्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, डाव्या हाताला. रबरी पिशवी तिच्या शेजारी. त्यांनी स्वतः ती जागा लावून दिली होती. पाऊण तास त्या श्वास देत राहिल्या. पुढं बेकरीवाला गाडी चालवत होता आणि मागं न बघता एकच विचारत होता, "रडला का? सिस्टर, रडला का?"

तो रडला नाही. आई वाचली. मोठ्या रुग्णालयानं तिला ठेवून घेतलं.

हे पोर कुणी मारलं? कुलपानं म्हणा, अध्यक्षांनी म्हणा, मेंबरनं म्हणा. पण सगळ्या गावाला ठाऊक होतं, असं आपण सुरुवातीलाच म्हटलं आहे. काळ्या चौकटीतला पुरुषाचा आवाज बाकीच्या दहा चौकटींतल्यांनी ऐकला, हेडक्लार्कनी ऐकला, इंटरनेटवर सभा बघणाऱ्या पाचशे लोकांनी ऐकला, आणि एकानंही विचारलं नाही की बाई कुठं आहेत. असंच असतं, म्हणून सगळे मूग गिळून बसले. असल्या चालीला कायद्याची नाही, फक्त सवयीची गरज असते. ती सवय आपल्याला आहे का, हे ज्याचं त्यानं तपासावं.

सिस्टर संध्याकाळी घरी आल्या आणि बराच वेळ नळाखाली हात धूत राहिल्या. मेंबर दारात येऊन उभा राहिला. त्यालाही वाईट वाटलं होतं, नाही असं नाही; तो काही राक्षस नव्हता. पण वाईट वाटलं की काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. व्हायचं असतं ते होतं, म्हणाला. दीड तासाचा रस्ता खराबच आहे, म्हणाला. मग त्यानं सांगितलं की शुक्रवारी सभेत दोन मिनिटं शांतता पाळायचा ठराव मांडणार आहे.

"कुणाच्या नावानं?" सिस्टरनी विचारलं.

"तुझ्याच. अजून कुणाच्या?"

सिस्टरनी नळ बंद केला आणि पदराला हात पुसले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मेंबरला वाटलं, दुःख आहे, ओसरेल.

शुक्रवारी पावणेअकराला मेंबरनं खोलीचं दार लावून घेतलं. सिस्टरनी मास्क लावला, चप्पल घातली आणि घराबाहेर पडल्या. रस्ते रिकामे होते. पालिकेच्या दाराशी बसलेल्या शिपायानं विचारलं, सिस्टर, आज इकडं कुठं? सभा तर फोनवर आहे. "मला फोन मिळत नाही," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

सभागृहात हेडक्लार्क एकटेच होते. टेबलावर लॅपटॉप, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर चौकटी एकेक करून उघडत होत्या. रिकाम्या खुर्च्यांवर धूळ. सिस्टरनी प्रभाग चारची खुर्ची पुसली, ओढत आणून हेडक्लार्कच्या अगदी शेजारी ठेवली आणि बसल्या. हेडक्लार्कनी घड्याळाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, घाम पुसला. पण उठा म्हणाले नाहीत. सदस्याला सभागृहातल्या त्याच्या खुर्चीवरून उठवायचा नियम त्यांना एकतीस वर्षांत कुठं सापडला नव्हता.

हजेरी सुरू झाली. प्रभाग एक, हजर. प्रभाग दोन, हजर. प्रभाग तीन, हजर.

"प्रभाग चार."

"हजर," भिंतीवरून मेंबरचा आवाज आला.

"हजर," खुर्चीतून सिस्टर म्हणाल्या.

हेडक्लार्कचं पेन थांबलं. अध्यक्ष म्हणाले, आवाज दोनदा येतोय, नेटची गडबड दिसते.

"नेट ठीक आहे, अध्यक्षसाहेब," सिस्टर म्हणाल्या. "मी प्रभाग चारची सदस्या. सभागृहात माझ्या खुर्चीवर बसले आहे. माझ्या नावाच्या चौकटीत कोण आहे ते त्यांना विचारा."

आणि मग त्या काळ्या चौकटीतून, खाली ठळक अक्षरांत सिस्टरचं नाव असलेल्या चौकटीतून, सगळ्या पालिकेला आणि बघणाऱ्या पाचशे लोकांना ऐकू आलं, "अगं, तू तिथं काय करतेस?"

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडली. हा घरगुती मामला आहे, तो घरी मिटवावा, सभागृहाचा आवाज बंद करा, असं त्यांनी हेडक्लार्कना फर्मावलं. हेडक्लार्क शूर माणूस नव्हते. त्यांचं बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. मग ते चाचरत म्हणाले, "साहेब, सभागृहाचा आवाज बंद केला तर माझाही बंद होतो. कामकाज चालणार कसं?" आणि त्यांनी प्रभाग चारच्या काळ्या चौकटीचा आवाज बंद केला. "एका सदस्याची हजेरी एकदाच लागते," ते म्हणाले आणि रजिस्टरात खूण केली.

पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. सिस्टरनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि विषय सातचा तो परिच्छेद मोठ्यानं वाचला. अगदी सावकाश, स्वल्पविरामाला थांबून. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "यातलं एकही वाक्य माझं नाही. ही सभा चालू होती तेव्हा मी घरी कपडे वाळत घालत होते. माझं म्हणून जे मत मोजलंत ते मी दिलेलं नाही. माझं मत विरोधात आहे."

अध्यक्षांनी लगेच पकडलं. खाली सही कुणाची आहे?

"माझी. वाचून केलेली आहे. नवऱ्याच्या शब्दावर विसंबून केली. तीन वर्षं न वाचता करत होते, ती पहिल्यांदा वाचून केली, आणि नको तिथं केली. ती चूक माझी. भाऊ, तेही लिहा. आणि त्या सहीपायी बुधवारी पावाच्या गाडीत एक पोर गेलं, ते माझ्या हातात गेलं, हेही लिहा."

इतका वेळ स्थिर असलेला त्यांचा आवाज इथं फुटला. हेडक्लार्क लिहीत होते. पडद्यावरच्या सहा चेहऱ्यांपैकी तीन खाली बघायला लागले. सदस्यांमध्ये एक निवृत्त मास्तर होते, मागच्या वेळी ठरावाच्या विरोधात गेलेल्या पाचांतले. ते म्हणाले, इतिवृत्त कायम झालेलं नाही, म्हणजे ठरावावर पुन्हा मत घ्यावं लागेल, आत्ताच्या आत्ता. अध्यक्षांनी बोटांवर आकडा जुळवला. बाकीच्या चार काळ्या चौकटींतले चार आवाज. त्यांतले तीन आपलेच. मागच्या वेळी बाजूनं होते, आता उरलेला चौथाही फिरवता येईल. ते मोकळेपणानं म्हणाले, घ्या मत, आमची हरकत नाही.

"एक मिनिट," सिस्टर म्हणाल्या. "भाऊ, फोनवरच्या सभांसाठी सरकारचं परिपत्रक आलं असेल ना? मत कसं घ्यायचं त्यात काय लिहिलंय?"

परिपत्रक फायलीत पहिल्यापासून होतं, तिसऱ्या पानावर. हेडक्लार्कनी ते शोधून काढलं आणि वाचलं: मत देताना सदस्याचा चेहरा पडद्यावर दिसला पाहिजे, अन्यथा मत धरू नये. वाचताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत असावी, कारण शेवटचे शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटले.

"मग बाकीच्या चौघींनी कॅमेरा चालू करावा," सिस्टर म्हणाल्या. "त्यांच्या घरच्यांनी नाही. त्यांनी."

चार काळ्या चौकटी तशाच. प्रभाग सहामधून एक पुरुषी आवाज नेटवर्कबद्दल काहीतरी पुटपुटला आणि अर्ध्यात थांबला. प्रभाग नऊची चौकट गायबच झाली. अध्यक्ष म्हणाले, वेळ जातोय. सिस्टर म्हणाल्या, जाऊ द्या, तीन वर्षं गेली तिथं आणखी पाच मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढं सरकत राहिला.

मग प्रभाग अकराच्या चौकटीत उजेड आला. आधी छत दिसलं, मग पंखा, मग कुणाचा तरी अंगठा. फोन डगमगत खाली आला आणि एका तिशीतल्या बाईचा चेहरा दिसला. कपाळावर घाम, केस विस्कटलेले, कडेवर खोकणारं मूल. फोनमधल्या इतक्या माणसांकडं ती गोंधळून बघत राहिली. पलीकडून कुणीतरी तिला हळूच काहीतरी सांगितलं. तिनं तिकडं वळून बघितलं आणि मान हलवली. नको, असं. मग ती पुन्हा फोनकडं वळली.

"मी प्रभाग अकरा," ती म्हणाली. "हजर आहे. आज विषय काय आहे?"

हेडक्लार्कनी चष्मा सारखा केला आणि तिच्यासाठी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.